आठवा तंबू

नबालू डोंगराच्या धारेवर किडे धरायचे जाळीचे आठ तंबू आहेत. पहिला पार वर, ढगांत. आठवा आमच्या स्वयंपाकघरामागे, अननसाच्या वाफ्याला लागून. दर जूनमध्ये मी त्यांच्या स्पिरिटच्या बाटल्या काढतो, किडे निवडतो, चिठ्ठ्या लिहितो. विद्यापीठातली फेलिसा तेव्हा गावात येऊन राहते, मला आकी, म्हणजे आजोबा, म्हणते आणि ते आकडे संगणकात घालते. ऊन वाढलं की कुठला किडा किती वर सरकेल, हे तिचं गणित सांगतं. जवळजवळ सगळेच वर सरकतात. खालचं रान त्यांना आता सोसत नाही.

"एकच उलट्या खोपडीचा आहे, आकी," काल ती म्हणाली. "तुमचा राखी पतंग. दरवर्षी एकच सापडतो, आणि दरवर्षी एक तंबू खाली."

"चढण्यापेक्षा उतरणं सोपं," मी म्हणालो. ती हसली. मी हसलो नाही.

पहिल्या तंबूत तो सापडला, तेव्हा मी साठीचा होतो आणि नुकताच अक्षरं शिकलो होतो. "याला अजून नाव नाही. ओळखीपुरतं काहीतरी लिहा," फेलिसा म्हणाली होती. मला न अडखळता लिहिता येणारं नाव एकच होतं. रुंदोई. माझी लेक, आदल्या वर्षी बाळंतपणात गेलेली. मी ते लिहिलं. बरोबर आलंय का पाहायला मोठ्याने वाचलंही.

आमची मेलेली माणसं नबालू डोंगर चढून जातात. डोंगरावर त्यांचं नाव घ्यायचं नसतं. हाक ऐकली की माणूस मागे वळतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अक्षरांच्या आनंदात विसरलो.

"ती चिठ्ठी फाडली तर?" मी काल विचारलं.

"आता फाडून काय उपयोग, आकी? गणितात ते नाव केव्हाच गेलंय."

आज सकाळी आठवी बाटली काढली. राखी पतंग तळाशी होता, पंख मिटलेले.

स्वयंपाकघराच्या दारात जेनिली उभी होती. रुंदोईची पोर, त्याच बाळंतपणातली. आठ वर्षांची.

"तिला का भिजवलंस, आकी?"

"कुणाला?"

तिने बाटलीकडे पाहिलं. "तिला थंडी वाजते."

मी तिचा हात घट्ट धरला आणि तिला तसंच फेलिसाच्या खोलीवर नेलं.

"पुढच्या वर्षी हा कुठे असेल?"

फेलिसाने आकडा भरला. पडद्यावर उत्तर आलं.

"परत वर. एकदम पहिल्या तंबूत. बघा, शेवटी शहाणा झाला!"

जेनिलीचा हात माझ्या हातात गार पडला होता.

"किती पतंग?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे," फेलिसा म्हणाली, आणि हसत दोन बोटं वर केली.