कुरुमादा मास्तरांनी खूण कुणाला केली?

मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही. मी पाण्यात उतरणारी बाई. एकोणीस वर्षं काशिवाजिमा बेटाच्या समुद्रात लोकांना खाली नेते, मासे दाखवते. त्यावरच आमचं घर चालतं. असलं काही बाहेर पसरलं तर गिऱ्हाईक तुटेल, हे कळतं मला.

तरी सांगतेय. कारण हे माझ्यासोबत घडलंय.

ऑक्टोबरचा शेवटचा मंगळवार. दुपारचे दोन.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. नुसतं ढगाळ होतं.

बोटीवर आम्ही तिघंच. बोट चालवणारा माझा नवरा योशिताका, मी, आणि कुरुमादा मास्तर. मास्तर ओसाकाचे निवृत्त शिक्षक. वय सदुसष्ट. दर वर्षी याच आठवड्यात यायचे, फक्त समुद्रघोड्यांचे फोटो काढायला. आमच्याकडचे घोडे तांदळाच्या दाण्याएवढे. पोवळ्याला शेपटी गुंडाळून बसतात आणि रंगही त्या पोवळ्याचाच. कुणी बोट दाखवल्याशिवाय दिसत नाहीत.

"चिनामि, यंदा गरोदर नर दाखव," मास्तर ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, खाताखाता म्हणाले. "समुद्रघोड्यांत बाळंतपण बाप्यालाच. तो फोटो घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

"आणि बायकोला काय सांगाल?"

"तीच म्हणाली, बघून या. आणि जमलं तर शिकूनही या!"

योशिताका एवढा हसला की चहा सांडला.

आम्ही उतरलो.

बावीस मीटरवर एक मोठं लाल पोवळं आहे, पंख्यासारखं पसरलेलं. तिथे मी मास्तरांना एक घोडा दाखवला. पोट टम्म फुगलेलं. मास्तर कॅमेरा रोखून बसले. एकदा बसले की दहा मिनिटं हलत नाहीत, हे मला ठाऊक. मी शेजारच्या पोवळ्यावर दुसरा शोधायला लागले. हाताच्या अंतरावर.

तेवढ्यात...

टण. टण. टण.

लोखंडी काडी पाठीवरच्या सिलिंडरवर आपटल्याचा आवाज. आम्ही गाइड असंच बोलावतो. काहीतरी सापडलंय, इकडे या.

मला वाटलं, मास्तरच वाजवताहेत. मी वळले.

मास्तर नव्हते.

पोवळं होतं. घोडा होता. मास्तर नव्हते.

टण. टण. टण.

पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही. चहूबाजूंनी आल्यासारखा वाटतो. माणूस शोधायचा तर बुडबुडे शोधायचे. मी स्वतःभोवती गोल फिरले.

मग दिसले... खालून. कड्याच्या पलीकडून बुडबुड्यांची एकच रांग वर येत होती.

तिथे मी कुणालाच नेत नाही. तिथे समुद्र एकदम खोल जातो.

मी खाली झेपावले. अठ्ठावीस. तेहेतीस. मनगटावरचं खोली मोजणारं यंत्र किंचाळायला लागलं.

अडतीस मीटरवर मास्तर वाळूत गुडघे टेकून बसले होते. कॅमेऱ्याचा उजेड चमकत होता. एकदा. दोनदा. मग त्यांनी मान वळवली...

माझ्याकडे नाही.

डावीकडे.

रिकाम्या पाण्याकडे बघून त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून खूण केली. 'ठीक आहे.' आणि शहाण्या मुलासारखी मान डोलावली. कुणीतरी काही विचारल्यासारखी.

मग ते उठून आणखी खाली निघाले.

मी मागून त्यांचा खांदा धरला. त्यांनी वळून मला पाहिलं. मग डावीकडे पाहिलं. मग पुन्हा मला.

ते तोंडातली नळी न सोडता ओरडले. बुडबुड्यांचा लोंढा आला. आणि ते माझ्यापासून पळायला लागले. माझ्यापासून!

मी सोडलं नाही. त्यांच्या हवेचा काटा दोनशेवरून चाळीसवर आला होता. पट्टा धरून त्यांना ओढत हळूहळू वर आणलं. पाच मीटरवर थांबावंच लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. माझी हवा त्यांना दिली. थांबलो.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. सारखं खाली बघत होते.

त्यांचे दोन्ही हात मी धरलेले.

आणि खालून...

टण. टण. टण.

वर आलो. योशिताकाने मास्तरांना ओढून घेतलं. मग माझ्याकडे बघून चिडला.

"अगं, परत खाली कशाला गेलीस?"

"परत?"

"मघाशी आली होतीस ना शिडीपाशी! मी विचारलं, मास्तर कुठेत, तर काही बोलली नाहीस. नुसती बघत राहिलीस. मी दोर घ्यायला वळलो, तर गायब."

मास्तर फळीवर आडवे पडून ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर म्हणाले, खोलवर गेलं की डोकं भ्रमतं, भास होतात. पटण्यासारखंच आहे. योशिताका म्हणाला, शिडीपाशी लाटेत आपल्यालाही भास झाला असेल. तेही मानू.

पण फोटो आहेत.

संध्याकाळी मास्तरांनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"तू बोलावत होतीस मला," ते म्हणाले. "एक घोडा दाखवायचीस. फोटो काढला की आणखी थोडी खाली. पुन्हा टण टण. मला वाटलं, चिनामि आज खूश आहे. तिच्या तोंडातून बुडबुडे येत नाहीयेत, हे मला..." त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "ते तू आल्यावर कळलं."

सतरा फोटो. सतरा घोडे. एवढे मी जन्मात एका दिवशी पाहिले नाहीत. आणि प्रत्येक घोड्याशेजारी, दाखवणारं एक बोट.

उघडं बोट.

मी हातमोजे कधीच काढत नाही. तिथल्या शेवाळाने कातडी पोळते.

शेवटचा फोटो मी मोठा करून पाहिला. बोटाचं नख मधोमध चिरलेलं. लहानपणी बोटीच्या नांगराच्या दोराने माझं नख असंच चिरलंय. उजव्या हाताचं. दुसरं बोट.

योशिताकाने माझा हात हातात घेतला. फोटोशी लावून पाहिला. मग हळूच सोडून दिला.

पुढच्या वर्षी मास्तर आले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. घोडे आहेत का, थंडी पडली का.

"चिनामि, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना, मास्तर."

"मी जिच्याबरोबर वर आलो... ती तूच होतीस ना?"

"मीच होते, मास्तर."

त्यांनी फोन ठेवला.

योशिताका मोरीपाशी मासे साफ करत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

फक्त त्याच्या हातातली सुरी थांबली होती.