चमच्याचा दांडा

मिरजेच्या नेत्रसंशोधन केंद्रात डॉ. विनया दाभोळेने आपला उजवा हात टेबलावर पसरला. हात निश्चल होता. याच हाताने ती सोमवारी पहिले कृत्रिम दृष्टिपटल बसवणार होती. पंधरा वर्षे त्यासाठी घासली होती तिने. आणि आज सकाळी विमा कंपनीचे पत्र आले: हाताला कंपवाताची सुरुवात आहे, सबब विमा नाही, शस्त्रक्रियाही नाही.

"हलतंय का काही?" तिने विचारले.

"डोळ्यांना नाही दिसणार, मॅडम," केंद्रातला डेटातज्ज्ञ इरफान मुजावर म्हणाला. "विमा कंपनीनं ही माहिती विकत घेतलीय. स्थिरचमच्याच्या जोड-अ‍ॅपकडून."

विनयाला हसूच फुटले. स्थिरचमचा तर बाबांचा! जन्मभर घड्याळे दुरुस्त केलेला माणूस, कंपवाताने घास तोंडाशी नेता येईना म्हणून तो आणलेला. दांडा कितीही थरथरला तरी आतली मोटर उलट हलून टोक स्थिर धरी. पण मेला अ‍ॅपशिवाय सुरूच होईना, आणि बाबांकडे बटणांचा फोन. मग हिने ते स्वतःच्या फोनवर घेतले, स्वतःचेच नाव नि जन्मतारीख भरली आणि अटींची अठ्ठावीस पाने न वाचता 'मान्य आहे' दाबून मोकळी झाली. एवढी शिकलेली बाई, पण भुकेला बाप समोर बसलेला असताना अटी वाचते कोण?

"अहो, थरथर बाबांची. नाव तेवढं माझं. कळवून टाका त्यांना."

"तेच करायला बसलो होतो." इरफान पडद्याकडेच बघत राहिला. "अंगठ्याचा ठसा असतो, तसा प्रत्येक हाताचा कंपठसा असतो. थरथर कितीही बारीक असो, तिची लय दुसऱ्याशी जुळत नाही. म्हटलं, बाबांचा ठसा वेगळा काढू. निघालाही. पण दिवाळीनंतर तो कुठंच नाही."

"कसा असेल? दिवाळीपासून त्यांना चमचा धरवतच नाही. मीच भरव..."

तिची नजर टेबलावरच्या उजव्या हाताकडे गेली.

"चार महिने, दोन्ही वेळा, एकच हात," इरफान हळू आवाजात म्हणाला. "तुम्हाला स्वतःला कळायला अजून दोनेक वर्षं लागली असती. हे बघायचा हक्क मलाही नव्हता, मॅडम. कुणालाच नव्हता."

"पुसता येईल?"

"माझ्याकडचं पुसतो. विकलेलं कुठं कुठं गेलं, कोण सांगणार?"

विनया दुपारीच घरी आली. बाबा खुर्चीत वाट बघत होते. तिचा हात चमच्याकडे जाताच ते रोजच्यासारखे म्हणाले, "तो नको गं, विनू. हातानं भरव."

चार महिने हा हट्ट चालला होता, आणि चार महिने ती त्यांच्यावर डाफरत आली होती. आज तिने विचारले, "का हो, बाबा?"

केसाएवढ्या स्प्रिंगा पारखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

"टोक नाही हलत," ते म्हणाले. "दांडा हलतो. माझंही असंच सुरू झालं होतं, अंगठ्याजवळ. रोज ठरवायचो, आज सांगीन."

विनयाला रडू आवरेना. तिने चमचा बाजूला ठेवला, मऊ भात कालवला आणि घास उचलला. तो सांडू नये म्हणून बाबांनी आपला थरथरता हात तिच्या मनगटाखाली धरला.