तीन नंबरची वायर

यात मी एक शब्दही वाढवलेला नाही. उलट थोडं कमीच सांगतोय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. गुरुवार. आणि वेळ रात्रीची नव्हे, दुपारी तीनची. जागा माझं गॅरेज, शेवगावच्या बाहेर, नेवासा रस्त्याला.

मी प्रशांत. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. बायको रूपाली माझ्याबरोबरच असते. वायरीचं टोक दाबण्यात तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

कल्याण नावाच्या ओळखीच्या माणसानं त्याची जुनी जीप आणली होती. चिखलातल्या शर्यतीसाठी त्यानं तिच्यात दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं. इग्निशनही बदललं होतं. प्लगला करंट देणारी कॉइल आता भलत्याच बाजूला गेली होती, त्यामुळे बाजारातल्या तयार प्लग वायरी पोचत नव्हत्या.

"चार वायरी मापानं बनवून द्या दादा," तो म्हणाला. "रविवारी शर्यत हाय."

जीप ठेवून तो गेला.

रूपालीनं कॉइलपासून प्रत्येक प्लगपर्यंत सुतळी लावून माप घेतलं. मी वायर कापली. तिनं टोकं सोलून त्यांवर लग, म्हणजे धातूच्या टोप्या, दाबले, रबरी टोप्या चढवल्या.

एक, दोन आणि चार नंबर चपखल बसल्या.

तीन नंबर... बोटभर आखूड.

पुन्हा माप घेतलं. नवी वायर कापली. या वेळी मुद्दाम दोन बोटं जास्त ठेवली.

तरी बोटभर आखूड.

टेबलावर सुतळीशी लावून बघितली. वायर जास्तच भरत होती. इंजिनावर नेली की मात्र...

पोचायची नाही.

"कुठं अडकतीय का?" मी विचारलं.

रूपालीनं कॉइलकडचं टोक धरलं होतं. ती वायरीकडं बघत राहिली.

"अडकत न्हाई," ती हळूच म्हणाली. "मधीच कुनीतरी धरल्यावानी लागतंय."

मी हसलो. ती हसली नाही.

तिसरी वायर वीतभर जास्त ठेवली, तेव्हा बसली. खरं तर ती सैल लोंबायला हवी होती.

ती ताठ होती.

आता तपासणी राहिली. नव्या वायरीतून करंट बाहेर फुटतोय का हे बघायला अंधार लागतो. इंजिन चालू ठेवून वायरींवर पाणी फवारायचं. कुठं कच्ची असेल तर निळी ठिणगी दिसते. म्हणून मी सायलेन्सरला पाईप लावून धूर मागच्या भिंतीतून बाहेर सोडला, शटर खाली ओढलं आणि दिवा घालवला.

रूपाली स्टेअरिंगवर बसली. बॉनेट उघडं असल्यानं आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो.

तिनं चावी फिरवली. इंजिन सुंदर चाललं.

मी पाणी फवारलं. एक नंबर, काही नाही. दोन नंबर, काही नाही.

तीन नंबर...

टक. टक. टक. वायरीच्या बरोबर मध्यावर निळी ठिणगी.

"बंद कर," मी ओरडून सांगितलं.

इंजिन थांबलं. रस्त्यानं मघापासून उसाचे ट्रॅक्टर जात होते, गाणी लावून. तेही ऐकू येईना. काहीच ऐकू येईना.

फक्त...

टक. टक. टक.

चावी बंद असताना ठिणगी पडत नाही. वीस वर्षं हेच काम करतोय मी.

मी वाकलो. आणि त्या निळ्या उजेडात बोटं दिसली.

चार बोटं. वायरीभोवती घट्ट मिटलेली. नखांत काळं ग्रीस.

मनगटाच्या मागं काही नव्हतं.

मी मागे सरकलो तो शटरवरच आदळलो. कसंबसं शटर वर केलं. ऊन आत आलं. इंजिनावर कुणी नव्हतं. तीन नंबरची वायर आता सैल लोंबत होती.

रूपाली खाली उतरली. तिचा चेहरा उतरला होता. मी काही सांगितलं नाही.

कल्याणला फोन करून फक्त एवढंच विचारलं, इंजिन कुठून आणलं. तो म्हणाला, देवळाली प्रवऱ्याच्या लंकाबाईकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तिकडं गेलो. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती.

"आजी, तुमच्याकडच्या इंजिनाची एक वायर बसत नाहीये," मी म्हणालो.

तिचा हात थांबला.

"तीन नंबरची?"

मी नंबर सांगितलाच नव्हता.

"माझा ल्योक सहादू त्या इंजिनापाशीच गेला," ती म्हणाली. "मिस्त्री हुता. वायर हातातच हुती त्याच्या. डॉक्टर म्हनला, करंटानं न्हाई. मंग कशानं, ते कुनाला कळलं न्हाई."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"लई घट्ट धरली हुती," म्हणाली, आणि उठून आत गेली. दार लावून घेतलं.

मी कल्याणला सगळं सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. शर्यतीला गेला नाही. इंजिन उतरवून भंगारात दिलं.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं गॅरेजमध्ये चहा घेत होतो. रूपाली सहज बोलावं तसं बोलली.

"एक इचारू? त्या दिवशी कल्याणची जीप बंद केल्यावर तुमी शेजारच्या सीटवर येऊन बसलात."

मी कप खाली ठेवला.

"काई बोलला न्हाईत. नुसता माझा हात धरलात. तुमचा हात इतका गार कशानं हुता?"

मी बॉनेटच्या पुढंच होतो, गाडीत चढलोच नव्हतो.

"पाणी मारत होतो ना," मी म्हणालो.

तिला ते पटलं. ती कप विसळायला गेली. हे पान ती वाचत नाही, म्हणून इथं लिहितोय. तिला खरं सांगावं की नाही, ते मला अजून कळत नाही.