अझोला का बुडाला?

“ढोलकी, बडवणं थांबव! बदकं भेदरलीत!” चष्मिस ओरडली.

मावशीचा मुलगा पालथ्या घमेल्यावर ताल धरून बसला होता. दिसेल ते बडवायचा, म्हणून त्याचं नाव ढोलकी. चष्मिस आणि तिची धाकटी बहीण छोटी सुट्टीत धमाल करायला मावशीकडे आल्या होत्या. पण इथे मोठ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी!

कारण होतं अंगणातलं टाकं. त्यात मावशी अझोला वाढवायची. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारा नखाएवढा नेचा. मूर्ती लहान पण कीर्ती महान! त्याच्या पानांत राहणारे सूक्ष्म जीव त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात. त्याची दाट चादर पसरली की डासांना अंडी घालायला जागा उरत नाही. टाक्यातलं जुनं पाणी भाजीला खत म्हणून चालतं. आणि मावशीची बदकं तर त्याच्यावरच पोसलेली. तोच अझोला आता तपकिरी पडून बुडत होता, आणि पाण्याला घाण वास येत होता.

“अझोला नाही तर बदकं नाहीत,” मावशीने सांगून टाकलं होतं. “विकतचं खाद्य मला परवडायचं नाही. उद्या बदकवाला त्यांना न्यायला येतोय.”

तेव्हापासून छोटी तिच्या लाडक्या फेंगडी नावाच्या बदकाला खाली ठेवायला तयार नव्हती.

“रोग पडला असेल,” ढोलकी म्हणाला.

“मग हा कसा हिरवागार?” चष्मिसने जुनी बादली पुढे केली. “याच टाक्यातला मूठभर घेऊन परवा स्वच्छ पाण्यात सोडला होता. चिमूटभरच शेण घातलं.”

“म्हणजे गडबड पाण्यात आहे!” ढोलकीने ताडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं खुराड्यामागे दबा धरून बसली. आधी आबा, म्हणजे ढोलकीचे आजोबा आले. “मुलगा विसरभोळा, सून कामात. आपण नाही टाकला तर कोण टाकणार?” असं पुटपुटत त्यांनी बादलीभर शेणकाला, म्हणजे अझोलाला खत म्हणून पाण्यात कालवलेलं शेण, टाक्यात ओतला. थोड्या वेळाने गॅरेजला जायच्या तयारीतले काका, म्हणजे ढोलकीचे बाबा आले. “आबांना काही आठवत नाही,” म्हणून त्यांनी बादली रिकामी केली. मग खुद्द मावशी! “या घरात सगळं मलाच बघावं लागतं!” आणि तिसरी बादली भसकन टाक्यात.

“बाप रे! रोज तीन वेळा?” ढोलकीचे डोळे विस्फारले. “अजीर्ण झालंय बिचाऱ्याला!”

तिघं धावत सांगायला गेली. मावशी म्हणाली, “मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका.” काका हसले, “आबा टाकतात? त्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही!” आबा तर उखडलेच, “आता तुम्ही मला शिकवणार?” आपलं खरं असूनही कुणी ऐकत नाही, याचा चष्मिसला इतका संताप आला की तिला रडूच फुटलं.

फाटकात बदकवाल्याचा टेम्पो वाजला.

“सांगून उपयोग नाही. दाखवायलाच हवं!” डोळे पुसत ती म्हणाली.

तिघं तीन दिशांना पळाली. “आबा, सकाळचा शेणकाला कमी पडला वाटतं!” “बाबा, आणखी शेणकाला हवाय!” “मावशी, टाक्यात काही घातलंस का गं? मला तर दिसत नाही!”

पाहता पाहता तीन बाजूंनी तीन बादल्या आल्या, आणि टाक्यापाशी समोरासमोर उभ्या राहिल्या.

“तुम्ही?”

“तू?”

“आबा, तुम्हीसुद्धा? रोज?”

“रोज!” आबांनी बादली खाली ठेवली.

मावशी टाक्याच्या काठावर मटकन बसली. “पण आज बदकांना घालू काय?” बादलीतला अझोला एका बदकाच्या न्याहारीलाही पुरला नसता. टाकं पुन्हा भरायला कितीतरी दिवस हवे होते. काका बदकवाल्याला सौदा मोडायला सांगायला गेले, पण तो ऐकेना; मान खाली घालून परतले.

बदकं खोक्यांत गेली. फेंगडीला धरलेली छोटीची बोटं मावशीने हळूहळू सोडवली. तेव्हा मावशीही रडत होती. टेम्पो गेला आणि अंगण सुनं सुनं झालं.

संध्याकाळी टाकं घासून नव्या पाण्याने भरलं. चष्मिसने त्यात आपला मूठभर अझोला सोडला. आबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. “शाबास रे पोरांनो! आम्हा शहाण्यांना कळलं नाही ते तुम्ही शोधून काढलंत!”

“नको मला शाबासकी!” छोटी किंचाळली. “वास येतोय म्हणून आल्या दिवसापासून सांगत होते मी! कुणी ऐकलं का?”

मावशी पदराशी चाळा करत राहिली.

आबांनी हळूच विचारलं, “मग बाळ, उद्या शेणकाला कोण टाकणार?”

“कुणीच नाही!” छोटी म्हणाली.

तिघाही मोठ्यांनी निमूटपणे माना डोलावल्या.