धुक्यातले आकडे

"सात-नऊ!" तोनिको सायकलवरून पडता पडता ओरडला. "जांदिरा, बघ! काल एक-एक होतं, आज सात-नऊ!"

धुकं इतकं दाट की गोलचे खांबसुद्धा दिसत नव्हते. दिसत होता तो फक्त उंच लाकडी गुणफलक आणि त्यावर टांगलेले दोन पत्र्याचे आकडे. जुलैची हिवाळी सुट्टी, संघ परगावी, मैदानाला कुलूप. मग खेळलं कोण?

"तुझे आजोबा, दुसरं कोण!" तोनिको कुजबुजला. "अख्खं गाव तेच म्हणतंय."

पोन्ते व्हेल्या गावच्या रेल्वे फुटबॉल क्लबचे आकडे बेलार्मिनो आजोबांनी जन्मभर टांगले होते. एप्रिलमध्ये ते गेले. जांदिराला भीती वाटत होती, पण मनातून तिला ते आजोबाच असायला हवे होते.

क्लबच्या पायरीवर अध्यक्ष आदाल्बेर्तोकाका डोकं धरून बसले होते. मांडीवर बिस्किटांचा डबा, डब्यात कागदाचा भुगा.

"इतिवृत्ताची वही!" ते म्हणाले. "वाळवीने खाल्ली मेलीने! आणि नगरपालिका म्हणते, एकोणीसशे चाळीसच्या आधीपासून इथेच खेळताय याचा लेखी पुरावा शुक्रवारपर्यंत आणा. नाही आणलात, तर मैदानावर गोदाम!"

"पण काका, वही होती कुठे?"

"कपाटात. म्हणजे... कपाटाखाली. त्याचा एक पाय डुगडुगत होता ना!"

त्रेपन्न वर्षांचा इतिहास कपाटाच्या पायाखाली! मोठ्या माणसांना काय बोलायचं, सांगा! जांदिराला तर रडूच फुटलं. आजोबांचा क्लब, आणि त्याचा एक कागदसुद्धा शिल्लक नाही.

"उद्या पहाटे येऊ," ती नाक पुसत म्हणाली. "ते आजोबा असतील, तर त्यांनाच विचारते."

"भुताला?" तोनिकोचा आवाज चिरकला. "तू विचार. मी सायकल धरून उभा राहतो!"

बुधवारी उजाडता उजाडता दोघं कुंपणाच्या फटीतून आत शिरली. गवत ओलं, चपला चपचप वाजत होत्या. अचानक वर पत्रा खडखडला. सात हलकेच डोलला, नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी शून्य आलं!

"आई गं!" तोनिकोने जांदिराचा दंड घट्ट पकडला.

"आजोबा?" जांदिराने हाक मारली. वर कुणीतरी खोकलं, अगदी माणसासारखं.

गुणफलकाची शिडी मागच्या बाजूला होती, रुळांच्या अंगाला. आजोबा गेल्यापासून तिथे काटेरी झुडपं माजलेली, म्हणून कुणी फिरकत नसे. जांदिरा ओरखडे सोसत शिडीपाशी पोचली आणि चढली. वर लाकडी फळीवर संघाचे कपडे धुणारी झुलमिराआजी उभी होती. खांद्यावर फडकं, तोंडात कपडे वाळत घालायचे दोन चिमटे.

"तू आहेस होय!" चिमटे काढत आजी म्हणाली. "मला वाटलं, अध्यक्ष आला. त्याला कळलं तर म्हणेल, म्हातारीला वेड लागलं."

आजोबा नव्हते. जांदिराचे डोळे भरून आले.

"आजी, तुम्ही हे का करता?"

"तुझ्या आजोबांनी जाताना सांगितलं ना! म्हणाले, झुलमिरा, धुक्याने पत्रे गंजतील. पाठीवर लिहिलंय ते जाईल. रोज दोन दोन पुसून उन्हात टांग. मी धुणंवाली, वाळत घालणं मला येतं. वाचणं येत नाही. हाताला लागतील ते टांगते."

"पाठीवर?" खालून तोनिको ओरडला. "पाठीवर काय लिहिलंय?"

सगळं गाव पुढून आकडे बघून घाबरत होतं. मागे येऊन कुणीच बघितलं नव्हतं! धुक्यातून रुळांकडून पहिलं ऊन आलं, आणि शून्याच्या पाठीवर आजोबांनी खिळ्याने कोरलेली बारीक अक्षरं चमकली. जांदिराने मोठ्याने वाचलं:

"सोळा ऑगस्ट, एकोणीसशे एकतीस. या मैदानावरचा पहिला सामना. आपण शून्य, पाहुणे चार. चिखल. तरी लोक नाचले."

"सापडलं!" तोनिको खाली नाचायलाच लागला. "लेखी पुरावा! पत्र्यावर, पण लेखी!"

शुक्रवारी ढकलगाडीत वीस पत्रे खडखडत नगरपालिकेत पोचले. मागे अध्यक्षकाका घामाघूम. कारकून नाक मुरडत म्हणाला, "हे कुणीही काल कोरलं असेल." मग त्याने चारचा पत्रा उलटा केला, आणि त्याचा चेहराच बदलला.

"एकोणीसशे अडतीस. ओनोफ्रेने पेनल्टी थेट रुळांवर मारली. चेंडू मालगाडीतून गेला." तो मोठ्याने वाचत गेला. "ओनोफ्रे म्हणजे माझे वडील! म्हणायचे, बारला लागून गोल झाला! मालगाडीचं फक्त आईला ठाऊक होतं."

आणि त्याने दाणकन शिक्का मारला.

संघ परतला होता; रविवारी सकाळी अख्खं गाव मैदानावर. अध्यक्षकाकांनी कर्ण्यावरून सांगितलं, "आमचा क्लब या दोन पोरांनी आणि झुलमिराबाईंनी वाचवला! आणि हो, कपाटाखाली आता वीट ठेवली आहे!" टाळ्या थांबेनात.

जांदिरा वर गुणफलकापाशी होती. सामना दोन-एक असा संपला. तिने दोनचा पत्रा उतरवून उलटा केला. पाठीवर शेवटची ओळ मार्चमधली होती: "आज जांदिराने पहिल्यांदा आकडा टांगला. उलटा टांगला. मी सांगितलं नाही."

ती हसली, रडली, मग आजोबांचा खिळा घेऊन तिने त्याखाली कोरलं.

"काय लिहिलंस?" झुलमिराआजीने विचारलं.

"आपण दोन, पाहुणे एक. आकडे झुलमिराआजींनी वाळवले."

आजीने त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग फडक्याने पत्रा कोरडा पुसला आणि त्याची पाठ उन्हाकडे करून टांगला.