दाजींच्या चोवीस शब्दांची पट्टी

सुज्ञ वाचकहो, मी फारसा शिकलेला मनुष्य नाही. तथापि माझ्या हातून जे घडले, ते नीट शब्दांत मांडून ठेवणे मला कर्तव्य वाटते. प्रस्तुत लेखात मी प्रथम एका लहानशा यंत्राची माहिती देईन, तदनंतर त्यासाठी बनवलेल्या पट्टीची, आणि अखेरीस माझ्या सख्ख्या बहिणीचे दार मला कसे बंद झाले ते निवेदन करीन. पदरचे काहीही घातलेले नाही.

माझा व्यवसाय धातूवर अक्षरे ठोकण्याचा. दारावरच्या पाट्या, कुलपांचे क्रमांक, बक्षिसाच्या ढाली. एकेका अक्षराचा एकेक पोलादी पंच असतो. तो पत्र्यावर उभा धरावा, वर हातोडीचा एक घाव घालावा, की अक्षर कायमचे उमटले. इंग्रजी अक्षरे मी ओळखतो, परंतु शब्दांचा अर्थ क्वचितच लागतो.

आई गेल्यावर मला ताईने वाढवले. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांनी आपला एकुलता एक प्लॉट विकून ती रक्कम संगणकावरच्या आभासी चलनात गुंतवली. ते चलन सांभाळण्यासाठी त्यांनी काडेपेटीएवढे यंत्र आणले. ते यंत्र प्रथम सुरू करताच आपल्या मनाने चोवीस इंग्रजी शब्द निवडते. यंत्र हरवले, फुटले, तरी ते शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात घातले की सर्व धन परत मिळते. मात्र ते शब्द ज्याच्या हाती लागतील, त्याचेच ते धन.

"कागद जळतो, भिजतो," दाजी म्हणाले. "म्हणून स्टीलच्या पट्टीवर ठोकून हवेत. हे झाल्याशिवाय एक पैसाही या यंत्रात टाकणार नाही. आणि मेहुणे, तुम्ही वाचलेलं तुमच्या डोक्यात राहत नाही, हा तुमचा मोठाच गुण!"

"त्याच्या डोक्यात नसेल राहत, पण कामात चूक नाही काढता येणार तुम्हाला," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या मेजावर मी ऐरण मांडली. दाजी समोर बसले. कागद त्यांनी तळहाताखाली झाकला होता आणि एकेक अक्षर ते उच्चारीत होते. पंख्याची एक पाती कुठेतरी घासत होती. घाव बसला की कपाटातल्या बश्या किणकिणत. बारा-तेरा शब्द सुरळीत पार पडले.

पुढे माझ्या ध्यानात आले, की दाजींनी अक्षर उच्चारण्यापूर्वीच त्याचा पंच माझ्या चिमटीत आलेला असतो. सवय झाली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. हात मात्र कोमट झाला होता, जणू कोणी तो हातात घेऊन बसले असावे.

अठराव्या शब्दापाशी दाजींना ठसका लागला. ते पाणी पिऊन येईपर्यंत माझा तो शब्द पूर्ण ठोकून झाला होता.

दाजींनी पट्टी पाहिली, कागद पाहिला.

"कागद कधी बघितलात?"

"नाही बघितला, दाजी."

"मग हे काय, स्वप्नात आलं?"

"अहो, माझा भाऊ आहे तो," ताई म्हणाली.

"म्हणून तर विचारतोय. परका असता तर विचारत बसलो नसतो."

मी हत्यारे गोळा केली. जिन्यात उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. तो खिशात घातला, तरी बोटे अंगठ्यावर आपटत राहिली.

दाजींनी ते शब्द रद्द केले. यंत्र पूर्ण पुसले की ते नवे शब्द निवडते. परंतु माझ्यावरचा डाग कसा पुसावा? आठवडाभर ताईचा फोन आला नाही. शनिवारी आला.

"उद्या येच तू. नाही आलास तर जन्मभर चोर ठरशील, आणि मी यांच्यापुढे मान खाली घालून राहीन."

युक्ती तिचीच होती. पुसलेले यंत्र बंद असतानाच मी पहिला शब्द ठोकायचा. नंतर दाजींनी यंत्र सुरू करायचे. "चुकला, की मागचा योगायोग होता हे सिद्ध झालं. मग पुन्हा हा विषय नको," ती म्हणाली. दाजींनी मान डोलावली.

मी पंचांवर हात ठेवला. हाताला कुठे जायचे होते, ते मला कळत होते. मी मुद्दाम त्याला मागे ओढले. खिडकीत फरशी पुसण्याच्या औषधाची बाटली होती, तिच्यावर लिंबाचे चित्र. त्याखालची अक्षरे पाहून मी जशीच्या तशी ठोकली आणि पट्टीवर फडके टाकले. आपण निश्चित चुकणार, या विचाराने मला फार दिवसांनी हलके वाटले.

दाजींनी यंत्राची कळ दाबली. चिमुकला पडदा उजळला.

"लेमन," त्यांनी वाचले, आणि फडके उचलले.

पट्टीवर तीच अक्षरे होती. पंखा घासत होता.

"योगायोग," ताई घाईने म्हणाली. "लिंबूच ते. अजून एक होऊ दे."

आता मी इंग्रजीत नसलेलाच शब्द ठोकायचे ठरविले. आमची आई ताईला लाडाने एका नावाने हाक मारी. आईमागे ते नाव कोणी उच्चारले नाही. दाजींना ते ठाऊकही नाही. ते मी इंग्रजी अक्षरांत ठोकले. पुन्हा फडके टाकले.

दाजींनी कळ दाबली.

त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला.

"सी, एच, आय... चिमी? हा कुठला शब्द? यंत्राच्या यादीत दोन हजार शब्द आहेत. हा नाही त्यात."

ताईने मेजाची कड धरली.

फडके उचलायची गरज पडली नाही.

दाजींनी यंत्र पालथे घातले. खालून उजेड दिसत राहिला. मी पंच मोजलेही नाहीत, तसेच हातोडीसह पिशवीत भरले.

ताई दारापर्यंत आली. तिने माझा डावा हात धरला; उजव्याला स्पर्श केला नाही.

"तू चोर नाहीस. पटलं मला."

"मग झालं तर, ताई. पुढच्या रविवारी—"

"नको. येऊ नकोस आता."

"अगं, आत्ताच तर म्हणालीस—"

"म्हणूनच. चोर असतास तर पोटात घातलं असतं रे."

तिने दार लोटले. कडी लागली. मी पायरीवरच उभा राहिलो. आत मेजापाशी कोणीतरी ठोका मारला. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. हातोडी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

वाचकहो, आपण आपला अमूल्य वेळ दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अक्षर वेडेवाकडे आल्यास क्षमा असावी. हा संपूर्ण लेख डाव्या हाताने लिहिला आहे. उजवा मी उशीखाली दाबून बसलो आहे, आणि उशी हलते आहे.

आपला नम्र,
पाटीवाला