एकटीसाठी श्रीलंका

रायपूरच्या गोल बाजारालगतच्या त्या पुस्तकांच्या दुकानात श्रीलंकेवरची दोनच पुस्तकं होती, आणि दोन्ही माझ्याच हातात होती. एक गुळगुळीत, फोटोंनी भरलेलं. दुसरं साधं, बारीक अक्षरांचं.

“फोटोवाली मत लीजिए,” बाजूनं आवाज आला. “फोटो तो वहाँ जाके दिखेगाच.”

तो ‘च’ ऐकून मी वळले. “मराठी आहात?”

“हव!” तो हसला. “यशदीप. भिलाईचा. बाबा भंडाऱ्याहून तिथल्या स्टील प्लांटात आलेले. पुस्तक खरं बोलते का नाही, हे पाहाची तरकीब सांगू? त्याच कंपनीच्या भारताच्या पुस्तकात आपलं रायपूर शोधा.”

त्यानं दोन जाडजूड पुस्तकं काढली. फोटोवाल्या कंपनीनं रायपूरला दोन ओळी दिल्या होत्या – गाडी बदलायचं स्टेशन, थांबण्यासारखं काही नाही. दुसरीनं ब्राह्मणपाऱ्यातल्या गल्ल्यांवर अर्धं पान लिहिलं होतं.

“हा माणूस पायी फिरला आहे. याच्यावर भरवसा ठेवा.”

मी साधं पुस्तक घेतलं. पण खरं सांगू? मला त्या दोन ओळीच पटल्या होत्या. आई गेल्यापासून माझ्यासाठी हे गाव तसंच झालं होतं.

“कोण कोण चाललं?”

“मी एकटीच.”

ऑफिसात हे ऐकून सगळे ‘एकटी?’ म्हणून डोळे मोठे करत. यशदीपनं फक्त विचारलं, “अनुराधपूरले किती दिवस?”

...आणि मी सांगून टाकलं. तिथला बोधिवृक्ष आईला पाहायचा होता. आम्ही दोघींनी पासपोर्टचे अर्ज केले होते. तिचा पासपोर्ट घरी आला, तेव्हा ती नव्हती.

तो चहाला चला म्हणाला.

मग तीन रविवार समता कॉलनीतल्या माझ्या घराजवळच्या टपरीवर आम्ही त्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या. कुठली बस, कुठलं घरगुती लॉज, खोलीला आतून कडी आहे का. साखरपुडा मोडल्यावर तो एकटाच व्हिएतनामला जाऊन आला होता.

“पुस्तकात सगळं असते,” तो म्हणाला. “फक्त ‘हे पाहा ना!’ कोणाले म्हणायचं, ते नसते.”

त्याचं बोट नकाशावर माझ्या बोटाशेजारी थांबलं. दोघांनीही हलवलं नाही. त्या दिवशी आम्ही ‘तुम्ही’ म्हणायचं विसरलो, आणि माझ्याही तोंडी घरची बोली आली.

चौथ्या रविवारी त्यानं पुस्तक उघडलंच नाही.

“माझी बदली होऊन राहिली. विशाखापट्टणमले. तू परत येशील त्याच्या आदल्या दिवशी जॉईन व्हायचं आहे.” तो ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला. “चेतना... तोवर सुट्टी बाकी आहे माझी. मी येऊ का तुझ्यासंगं? दोन दिवस आधी वापस येईन.”

हो – ओठांवर आलंच होतं.

“नको.”

“काहून?”

“संध्याकाळी घरचं कुलूप मीच उघडते, लाईट मीच लावते. त्या अंधाऱ्या खोलीले मी भेते, यशदीप. त्या भीतीपायी कोणाचा हात धरायचा नाही मले. तुझा तर नाहीच.”

“तुझा तर नाहीच... म्हणजे?”

“म्हणजे...” मी ग्लास खाली ठेवला. “तू मले आवडून राहिला ना, वेड्या.”

तो हसला, पण डोळे भरून आले होते. “मले तर तू दुकानातच आवडली होती. पण आता मी तिकडे, तू इकडे. मंग कसं?”

“कोलंबोले एकटी जाऊन आली, तर विशाखापट्टणमले येता येणार नाही का मले?”

त्यानं टेबलावरून हात पुढे केला. मी तो धरला – चहा थंड होईस्तोवर.

गुरुवारी मी निघाले. विमानात शेजारची सीट रिकामी होती. ढग आले तशी मी थोडी रडले. मग डोळे पुसले, आणि खिडकीला कपाळ टेकून खाली बघत राहिले.